क्रोशाची सुई : चार टाके आणि तासांचा हिशेब

रमजान जवळ आला की मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर काय, मालेगावच्या बाजारात काय, टोप्यांचे ढीग लागतात. त्यांत क्रोशाची जाळीदार टोपीही असते. गिऱ्हाईक ती डोक्यावर घालून पाहते, भाव पाडते आणि निघून जाते. ती विणायला किती तास लागले, हे गिऱ्हाईक विचारत नाही. दुकानदारालाही बहुधा ते ठाऊक नसते.

वास्तविक या मालाच्या किमतीत सगळ्यात मोठा वाटा तासांचाच असतो. स्वेटर यंत्रावर विणला जातो. पण क्रोशाचा खरा टाका घाऊक प्रमाणात घालणारे यंत्र बाजारात नाही. ‘मशीनचा क्रोशा’ म्हणून जो माल येतो तो दिसायला तसा, पण विणीने निराळा असतो. खरी क्रोशाची टोपी कोणाच्या तरी हातांनीच विणलेली असते. बांगलादेशातील बोगुरा जिल्ह्यात गावोगावच्या स्त्रिया घरकाम सांभाळून अशा टोप्या विणतात आणि त्या आखाती देशांत जातात.

आमच्या वाचकांत विणणारे आहेत, विकणारेही आहेत. दोघांनाही हे काम मुळापासून ठाऊक असावे, म्हणून आज त्याची ओळख करून देत आहोत.

भांडवल थोडे

एक सुई, दोऱ्याचा एक गुंडा आणि कात्री, एवढ्यावर सुरुवात होते. शिकताना बारीक सूत घेऊ नये. टाके दिसत नाहीत आणि डोळे शिणतात. ४ मिलिमीटरची सुई आणि फिकट रंगाची जाडसर लोकर घ्यावी. हात बसला की सुती दोऱ्याकडे वळावे. क्रोशाच्या सुती दोऱ्याचा नंबर वाढतो तसा दोरा बारीक होत जातो; २० नंबरपेक्षा ४० नंबरचा दोरा बारीक, हे खरेदी करताना ध्यानात असावे.

चार टाके

साखळी : दोऱ्याला सरकफास घालून तो सुईवर घ्यावा. सुईच्या आकड्यात दोरा धरून फासातून ओढला की एक साखळी झाली. सगळे काम हिच्यावर उभे राहते. साखळ्या सारख्या आकाराच्या येईपर्यंत पुढे जाऊ नये.

जोडटाका : सुई टाक्यात घालून दोरा ओढावा आणि तो तसाच सुईवरच्या फासातूनही बाहेर काढावा. याने उंची वाढत नाही. गोलाची दोन टोके जोडायला हा लागतो.

मुका खांब : सुई टाक्यात घालून दोरा ओढला की सुईवर दोन फास होतात. पुन्हा दोरा घेऊन दोन्हींतून एकदम ओढावा. वीण घट्ट आणि बुटकी येते.

खांब : आधी सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्यावा, मग सुई टाक्यात घालून दोरा ओढावा. आता तीन फास आहेत. दोरा घेऊन दोन फासांतून काढावा, पुन्हा दोरा घेऊन उरलेल्या दोनांतून काढावा. खांबाची नवी ओळ सुरू करताना ३ साखळ्या घालतात. त्या पहिल्या खांबाच्या जागी मोजायच्या. एक खांब, दोन साखळ्या, खालचे दोन टाके सोडून पुन्हा एक खांब, असे केले की जाळी तयार होते.

परदेशी पुस्तकावरून किंवा परदेशी ऑर्डरीवरून काम करणाऱ्यांनी एक सावधगिरी बाळगावी. इंग्लंडमध्ये ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला मुका खांब, अमेरिकेत ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला खांब. नमुना कुठला ते न विचारता काम सुरू केले तर सगळा माल उसवावा लागेल.

टोपीचे गणित

५ साखळ्या जोडटाक्याने जोडून कडे करावे. त्यात १२ खांब घालावेत. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे २४. तिसरीत एकाआड एक टाक्यात दोन, म्हणजे ३६. पुढे दर फेरीला १२ वाढवत जावे. वाढ कमी पडली तर चकती वाटीसारखी वळते, जास्त झाली तर कडेला झालर पडते. हा लेख लिहिण्याआधी आम्ही स्वतः सुई हाती धरली. दुसऱ्या फेरीत २४ ऐवजी २१ खांब घातले आणि तासाभराने हातात वाटी आली. मोजणे चुकले की मेहनत वाया जाते.

डोक्याचा घेर २२ इंच असेल तर चकती ७ इंचांपर्यंत वाढवावी. वीण ताणली जाते, म्हणून थोडी कमी ठेवली तरी चालते. तिथून पुढे न वाढवता टाक्यावर टाका घालत गेले की भिंत उभी राहते.

वहीत तास लिहा

आंध्र प्रदेशातील नरसापूरची क्रोशाची लेस प्रसिद्ध आहे. १९ व्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी ती तिथल्या स्त्रियांना शिकवली. तिथल्या विणकरणींवर मारिया मीज यांचे पुस्तक १९८२ साली प्रसिद्ध झाले. माल परदेशात जात होता, बायका दिवसाचे कित्येक तास विणत होत्या. पण त्या ‘गृहिणी’ आणि त्यांचे काम ‘फावल्या वेळचे’ मानले जाई. त्यामुळे मजुरी अगदी तुटपुंजी राहिली. २०२४ साली या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने नाव जपले जाते. मजुरी मात्र हिशेब मागितल्याशिवाय वाढत नाही.

म्हणून पहिल्या टोपीपासून वही ठेवावी. सुईला बसल्याची आणि उठल्याची वेळ लिहावी, दोऱ्याचा खर्च लिहावा. समजा एका टोपीला ६ तास लागले, व्यापाऱ्याने ९० रुपये दिले आणि २० रुपयांचा दोरा आपला गेला. उरले ७० रुपये, म्हणजे तासाला पावणेबारा रुपयेही नाहीत. हे आकडे केवळ पद्धत कळावी म्हणून घेतले आहेत. प्रत्येकीने आपले आकडे घालून पाहावेत. दर ठरवायला बसताना ती वही समोर असावी.

व्यापारी बांधवांनाही आमची एक विनंती आहे. दुकानात क्रोशाचा माल ठेवत असाल तर एकदा घरातल्या कोणाकडून तरी सुई मागून घ्या आणि १२ खांबांची पहिली फेरी स्वतः घालून पाहा. घड्याळ समोर ठेवा. पुढच्या वेळी टोपीचा दर बोलताना ते घड्याळ आठवेल.