सायनस शस्त्रक्रियेनंतरची निगा

आपल्या रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात सायनसची शस्त्रक्रिया नाकातून दुर्बिणीद्वारे केली जाते. चेहऱ्यावर टाका दिसत नाही आणि रुग्ण बहुधा एक-दोन दिवसांत घरी जातो. त्यामुळे उपचार संपले, असा समज होतो. वस्तुतः उपचारांचा उत्तरार्ध तेथून सुरू होतो.

शस्त्रक्रियेत सायनसची बुजलेली तोंडे मोकळी केली जातात. पुढील काही आठवडे तेथे खपल्या धरतात. त्या वेळेवर न काढल्यास जखमेच्या कडा एकमेकींना चिकटून मोकळी झालेली वाट पुन्हा बंद होऊ शकते. म्हणून नाक मोकळे वाटत असले तरी फेरतपासणी टाळू नये. कापूस वेचणीच्या दिवसांत आर्वी-आष्टीकडून येणाऱ्यांची मजुरी बुडते, हे आम्ही जाणतो. परंतु दुसऱ्या शस्त्रक्रियेचा भार त्याहून कितीतरी मोठा असतो.

घरी मिठाच्या पाण्याने नाक धुणे महत्त्वाचे आहे. ते केव्हापासून व किती वेळा, हे डॉक्टर सांगतील. १ लिटर पाण्यास ९ ग्रॅम मीठ, हे प्रमाण ठेवावे. पाणी उकळून गार केलेलेच घ्यावे. विहिरीचे वा नळाचे कच्चे पाणी नाकात घालू नये. डॉक्टर परवानगी देईपर्यंत नाक शिंकरू नये, शिंक आल्यास तोंड उघडे ठेवावे, ओझे उचलू नये. धूर, धूळ व तंबाखू यांपासून दूर राहावे.

२०२१ साली कोरोनानंतर आलेल्या काळ्या बुरशीच्या साथीने हा धडा अधिक ठळक केला. त्या आजारात सडलेला भाग शस्त्रक्रियेने काढल्यावरही ॲम्फोटेरिसिन-बी इंजेक्शने, रक्तातील साखरेचे नियंत्रण आणि वारंवार दुर्बीण तपासणी आवश्यक होती. इंजेक्शनांचा देशभर तुटवडा असताना त्याच वर्षी मे महिन्यात वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेस कंपनीत त्यांचे उत्पादन सुरू झाले, ही जिल्ह्यास भूषणावह बाब होय. मधुमेही रुग्णांनी आजही साखर तपासण्यात हयगय करू नये.

न थांबणारा रक्तस्राव, डोळ्याभोवती सूज, अंधुक वा दुहेरी दिसणे, वाकल्यावर नाकातून पाण्यासारखा स्वच्छ स्राव, ताप व तीव्र डोकेदुखी यांपैकी काहीही आढळल्यास पुढील तारखेची वाट न पाहता तत्काळ रुग्णालयात यावे.

शस्त्रक्रिया डॉक्टर करतात. तिचे फळ टिकविणे रुग्ण व कुटुंबीयांच्या हाती असते. घरी जाताना मिळणारे कार्ड जपून ठेवावे व त्यावरील तारखा पाळाव्यात, ही आमची नम्र विनंती.