चिठ्ठीचा न्याय आणि तिकिटाचा हिशेब

सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते त्या दिवशी तालुक्याच्या गावी माणूस मावत नाही. वैजापूर त्याला अपवाद नाही. बरणीत चिठ्ठ्या पडतात, एखाद्या शाळकरी मुलाकडून त्यांतली एक उचलली जाते, आणि गावातील कित्येकांचे पाच वर्षांचे मनसुबे त्या घडीला उधळतात. निवडणुकीत दोघांना समान मते पडली तर निकालही असाच, ईश्वरचिठ्ठीने. हरणारा हळहळतो, परंतु चिठ्ठीने अन्याय केला असे सहसा म्हणत नाही. कारण बरणीत आपले नाव पडावे म्हणून कोणी दाम मोजलेला नसतो, आणि बरणी धरणाऱ्याचा त्यात वाटा नसतो.

लॉटरीच्या तिकिटाबाबत यांपैकी एकही गोष्ट खरी नाही.

महाराष्ट्र राज्य लॉटरी १२ एप्रिल १९६९ रोजी सुरू झाली. लोकांना मटक्यापासून परावृत्त करावे, हा तिच्यामागील एक हेतू सांगितला जातो. मटक्याचे मूळ पाहिले तर वैजापूरच्या कापूस पिकविणाऱ्याला ते अगदीच परके वाटू नये. न्यूयॉर्कच्या बाजारातील कापसाचे उघडते आणि बंद होणारे भाव तारेने मुंबईस येत आणि त्यांतील आकड्यांवर पैजा लागत. साठच्या दशकाच्या आरंभी ते बंद झाले, तेव्हा भावांची जागा आधी चिठ्ठ्यांनी व मग पत्त्यांनी घेतली. कापूस गेला, आकडा तेवढा राहिला.

या आकड्याचा हिशेब सोपा आहे. दहांतला एक आकडा येणार; तो साधला तर रुपयाला सामान्यतः नऊ रुपये मिळणार. म्हणजे दीर्घकाळ खेळणाऱ्याला रुपयातले नव्वद पैसे परत येतात व दहा पैसे मटकेवाल्याकडे राहतात. अर्थात, मटकेवाला सचोटीचा असला तर! ज्या आकड्यावर लोकांनी कमी पैसा लावला तोच ‘निघावा’, अशी तजवीज त्याने केली तर विचारणारे कोणी नाही. सरकारी लॉटरीत ही भीती कमी. १९९८ च्या केंद्रीय कायद्याने एका आकड्यावर बक्षीस देण्यास मनाई केली, आणि सोडत त्या त्या राज्यातच काढण्याचे बंधन घातले. तेव्हा सोडत सचोटीची असते, हे मान्य करावे. प्रश्न सोडतीचा नसून सौद्याचा आहे.

उदाहरणादाखल दहा रुपयांची दहा लाख तिकिटे घ्या. एक कोटी जमले. त्यांतील निम्मे बक्षिसांना गेले, उरलेले सरकार, विक्रेते आणि खर्च यांत वाटले गेले. वैजापूर शहराची वस्ती २०११ च्या जनगणनेत चाळीस हजारांच्या घरात होती. अशी पंचवीस शहरे एकत्र आणून प्रत्येकाच्या हाती एक तिकीट द्यावे आणि त्या साऱ्या गर्दीतून एकच माणूस उठावा, एवढीच पहिल्या बक्षिसाची संधी. दर आठवड्यास एक तिकीट घेणाऱ्यास ते सरासरीने एकोणीस हजार वर्षांतून एकदा लागेल. बरे, जास्त तिकिटे घेऊन तरी काय साधणार? ॲडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात दाखविले आहे की, जितकी अधिक तिकिटे घ्याल तितका तोटा निश्चित होत जातो. सगळीच घेतली तर एक कोटी देऊन पन्नास लाख हाती येतील! बेकायदा मटक्यापेक्षा हा सौदा महाग आहे, आणि मटक्याला पर्याय म्हणून त्याची भलामण होते.

त्यावर करांचा भार निराळा. लॉटरीवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. बक्षीस लागले तर त्यावर ३० टक्के प्राप्तिकर. आणि आजवर वाया गेलेल्या तिकिटांचा खर्च त्यातून वजा करता येत नाही. सरकारी असली तरी लॉटरी हा जुगारच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये म्हटले आहे. शिवाय शेतमजूर आणि अधिकारी दहाच रुपये देतात हे खरे, पण एकाच्या दहा रुपयांत घरची भाजी असते.

यावरून दैवावर सोपविलेली प्रत्येक गोष्ट त्याज्य ठरवू नये. खासगी शाळांतील पंचवीस टक्के जागा गरिबांच्या मुलांना सोडतीने मिळतात, आणि तेथे सोडतीहून न्याय्य मार्ग सुचविणे कठीण आहे. शेती अवजारे, ठिबक संच यांच्या अनुदानासाठीही महाडीबीटीवर संगणकीय सोडत होती. २०२५ मध्ये तिच्या जागी ‘प्रथम अर्ज, प्रथम प्राधान्य’ आले. नाव न लागलेल्यांच्या तक्रारी त्याने मिटतील. परंतु आता ज्याच्या गावात इंटरनेट चांगले व ज्याच्या घरात शिकलेला मुलगा, त्याचा अर्ज आधी पोहोचणार. सोडतीत निदान कोरडवाहू वस्तीवरच्या शेतकऱ्याचे नाव इतरांच्या बरोबरीने बरणीत पडत होते.

जी सोडत जवळजवळ फुकट होती ती शासनाने बंद केली. दामाची चालूच आहे. ती चालवायचीच असेल तर तिकिटावर पहिल्या बक्षिसाची रक्कम ज्या ठसठशीत टाइपात छापतात, त्याच टाइपात एकूण तिकिटे किती आणि दहा रुपयांतले बक्षिसांना किती, हेही छापावे.