फोन उचलणारा माणूस

लंडनच्या जुन्या भागातल्या सेंट स्टीफन वॉलब्रुक चर्चमध्ये १९५३ साली चॅड वाराह नावाचे धर्मगुरू आले. त्यांच्या मनात १९३५ मधला एक अंत्यविधी घर करून होता. चौदा वर्षांच्या मुलीला पहिल्यांदा पाळी आली. आपल्याला गुप्तरोग झालाय असं तिला वाटलं आणि विचारायला कोणीच नव्हतं. तिने आयुष्य संपवलं. आग लागली की लंडनकर ९९९ नंबर फिरवतात, मग जगणं असह्य झालेल्याने कोणता नंबर फिरवायचा? वाराह यांनी चर्चचाच नंबर जाहीर केला. २ नोव्हेंबर १९५३ ला पहिला फोन आला.

पुढे जे घडलं, ते मला सर्वांत नवलाचं वाटतं. वाराह यांना भेटायला लोकांची रीघ लागली. मदतीला आलेले साधे स्वयंसेवक बाहेर ताटकळणाऱ्यांना चहा द्यायचे, त्यांच्याशी बोलत बसायचे. आणि कितीतरी जण आत न जाताच, मन हलकं करून घरी जायचे! कोणी मध्येच न तोडता, उपदेश न करता ऐकून घेतलं, एवढंच त्यांना हवं होतं. १९५४ च्या फेब्रुवारीत वाराह यांनी फोन या मंडळींच्या हाती सोपवला. ‘समॅरिटन्स’ संस्था उभी राहिली ती अशी.

ऐकून घेतल्याने एवढं काय होतं? चित्रातल्या चेहऱ्यावरच्या भावनेला ‘भीती’, ‘राग’ असं नाव दिलं, की पाहणाऱ्याच्या मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची खळबळ कमी होते, असं २००७ मधल्या मेंदूच्या स्कॅनच्या एका प्रयोगात दिसलं. दुसरं म्हणजे, जीव नकोसा होण्याचा अगदी टोकाचा क्षण भरतीच्या लाटेसारखा चढतो आणि ओसरतोही. अमेरिकेत अशा क्षणी अडवलेल्या ५१५ जणांचा माग रिचर्ड सायडन यांनी काढला. १९७८ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात, दहापैकी नऊंहून जास्त लोक एक तर हयात होते, नाहीतर नैसर्गिक मरणाने गेलेले होते. तेवढी लाट ओसरेपर्यंत सोबत मिळणं हीच केवढी मोठी गोष्ट आहे.

आपल्याकडे ही सोबत १४४१६ या नंबरवर आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, केंद्र सरकारने ‘टेली-मानस’ सुरू केलं. बंगळुरूची निमहान्स ही त्याची मुख्य संस्था. फोन फुकट, चोवीस तास. आधी भाषा निवडायची, मराठी आहेच. मग प्रशिक्षित समुपदेशक बोलतात आणि गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतात. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी १०९८ आहे. ही चाइल्डलाइन १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झाली, रस्त्यावरच्या मुलांसोबत काम करता करता. आयुष्यभरातल्या मानसिक आजारांपैकी निम्मे चौदाव्या वर्षापर्यंत डोकं वर काढतात, हे कळलं की शाळकरी पोराच्या हाती असा नंबर असणं किती मोलाचं आहे ते उमगतं.

घरच्यांना एक धास्ती असते: ‘विचारलं तर नको ते डोक्यात शिरेल.’ न्यूयॉर्क राज्यातल्या २,३४२ शाळकरी मुलांवर हेच तपासलं गेलं. २००५ मध्ये निकाल आला. सरळ प्रश्न विचारल्याने मुलांचा त्रास वाढला नाही, उलट आधीच खचलेल्यांचा थोडा कमीच झाला. म्हणून आडवळणं नकोत. शेजारी बसून विचारावं, ‘तुला जीव द्यावासा वाटतो का रे?’ आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहावं. उत्तर ‘हो’ आलं, तर त्याला एकटं सोडायचं नाही. तिथूनच फोन लावायचा. जिवाला तातडीचा धोका दिसला तर ११२.

‘पोलिसांचं लचांड मागे लागेल’ म्हणूनही लोक गप्प बसतात. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं, की जीव देण्याचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरून चालायचं. तिला शिक्षा नाही, उलट उपचार आणि आधार देणं सरकारचं कर्तव्य. आणि १४४१६ ला फोन त्रास होणाऱ्यानेच करायला हवा असंही नाही. आई करू शकते, वर्गशिक्षिका करू शकतात, होस्टेलमधला रूममेटही करू शकतो: ‘माझा मित्र दोन दिवस जेवला नाहीये, त्याच्याशी काय बोलू?’