मनगटावरचे घड्याळ, नाडीचे ठोके आणि आपला हक्क

एके काळी वस्तीत कुणाच्या हातावर घड्याळ दिसले की, गड्याला नोकरी लागली असे लोक समजत. आता वेळ सांगणे हे घड्याळाचे सर्वांत लहान काम झाले आहे. मुलगा पहिल्या पगारातून स्मार्ट घड्याळ आणतो आणि बापाच्या हातावर बांधतो. ते नाडीचे ठोके मोजते, पावले मोजते, झोप मोजते. ज्या घरात बी.पी.चा नाहीतर साखरेचा आजार आहे, तेथे त्याचे अप्रूप वाटणारच. आम्हीही या घड्याळाला वाईट म्हणत नाही. परंतु ते बांधण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी एक प्रश्न विचारावा: ही मोजदाद जाते कुठे?

घड्याळाच्या पाठीला हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. प्रत्येक ठोक्याला कातडीखालचे रक्त वाढते, परत येणारा प्रकाश कमी होतो आणि त्यावरून ठोके मोजले जातात. येथपर्यंतची गोष्ट आपल्या मनगटाची. पुढे हे आकडे मोबाईलमधल्या ॲपमध्ये जातात आणि बहुधा तेथून कंपनीच्या संगणकावर. ॲप सुरू करताना लांबलचक मजकूर येतो. तो न वाचताच आपण 'मान्य आहे' वर बोट दाबतो. रुग्णाची गोष्ट डॉक्टरने बाहेर सांगू नये, हा वैद्यकीचा जुना दंडक आहे. कंपनीला मात्र तेवढेच बंधन, जेवढे कायदा घालील.

कंपनीही हात बदलते. फिटबिट ही अशी घड्याळे करणारी कंपनी जानेवारी २०२१ मध्ये गुगलने घेतली. तेव्हा युरोपीय आयोगाने अट घातली की, युरोपातील वापरणाऱ्यांची आरोग्याची माहिती दहा वर्षे जाहिरातींसाठी वापरायची नाही. नाडीच्या आकड्यांनाही बाजारात किंमत आहे, म्हणूनच ही अट घालावी लागली.

आपल्या माणसांच्या दृष्टीने खरा धोका वेगळाच आहे. स्वतः विकत घेतलेले घड्याळ काढून ठेवता येते. मालकाने बांधलेले कसे काढणार? नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या हातावर जीपीएस घड्याळे बांधली. चंदीगड आणि पंचकुला येथेही तसेच झाले. ती आजार मोजण्यासाठी नव्हती. कामगार कुठे उभा आहे हे पाहण्यासाठी होती. घड्याळ बंद पडले तर पगार कापला जाईल ही धास्ती, आणि शौचालयात गेल्यावरही कुणी पाहत असेल ही स्त्रियांची भीती, यांतून तेथे कामगारांनी आंदोलने केली. उद्या अशाच घड्याळात नाडीचा दिवा बसला, तर कोण दमला, कोण आजारी, कुणाला रात्री झोप लागली नाही, हे मुकादमाला घरबसल्या कळेल. कंत्राटी कामगाराचे कंत्राट वाढवताना हा आकडा पुढे येणार नाही, याची हमी कोण देणार?

शिवाय यंत्राचा आकडा खराच असतो असे नाही. करोनाच्या काळात बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आपण सर्वांनी पाहिले. तेही प्रकाशावरच चालते. २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले की, रक्तात ऑक्सिजन कमी असूनही यंत्राने 'ठीक' दाखवण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होते. यंत्र जात-वर्ण मानत नाही असे म्हणतात. पण ते कुणाच्या कातडीवर पारखले, हे विचारावेच लागते.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की, खासगीपण हा संविधानाने दिलेला मूलभूत हक्क आहे. त्यानंतर २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. संमती मोकळेपणाने दिलेली असावी, ती मागे घेता यावी, माहिती पुसून मागता यावी, अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती घ्यावी, असे हा कायदा म्हणतो. मात्र नोकरीच्या कारणासाठी मालकाला संमतीवाचूनही माहिती वापरण्याची वाट त्यात ठेवली आहे. कष्टकऱ्याच्या पायाखालचा खड्डा तो हाच.

म्हणून घरात एवढे करावे. ॲप ठिकाण, फोटो, फोन नंबर मागत असेल, तर गरज नसलेली परवानगी देऊ नये. मुलीला मोबाईलचे कळते, तिला शेजारी बसवून हे करावे. घड्याळ विकताना किंवा कुणाला देताना खाते आणि आतली नोंद पुसावी. आकडा पाहून गोळी बंद करू नये, डॉक्टरला विचारावे. आणि कामावर घड्याळ बांधू लागले, तर एकट्याने भांडू नये. युनियनमार्फत लेखी विचारावे: काय मोजता, कोण पाहतो, किती दिवस ठेवता, पगाराशी संबंध आहे काय?

आपण मालकाला आठ तासांचे श्रम देतो. नाडीचे ठोके त्या करारात धरलेले नाहीत.