आनंदाचा आवाज आणि शेजाऱ्याची झोप

स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरील व्हॅलेन्सिया शहरात १ मार्चपासून १९ मार्चपर्यंत रोज दुपारी दोन वाजता नगरपालिकेसमोरचा चौक माणसांनी फुलून जातो. आबालवृद्ध दाटीवाटीने उभे असतात. थोड्याच वेळात दारूकाम सुरू होते. पण भर उन्हात कोणती रोषणाई दिसणार? दिसतो तो केवळ धूर. लोक तेथे पाहण्यासाठी नव्हे, तर ऐकण्यासाठी आलेले असतात.

या प्रयोगाला 'मास्क्लेता' असे नाव आहे. दोऱ्यांवर ओळीने टांगलेले फटाके ठरवलेल्या क्रमाने उडतात. आरंभी लय संथ असते, मग ती चढत जाते आणि अखेरीस सारे आवाज एकमेकांत मिसळून पायांखालची जमीन हादरू लागते. या शेवटच्या भागाला तेथील लोक 'भूकंप'च म्हणतात. पाच-सात मिनिटांत सारे संपते. जवळ उभे असलेल्यांना १२० डेसिबलच्याही पुढचा आवाज सोसावा लागतो. म्हणूनच जाणकार नवख्याला तोंड किंचित उघडे ठेवण्याचा सल्ला देतात. नंतर टाळ्यांचा कडकडाट होतो आणि मैफलीतून परतणारे रसिक जसे गायकाच्या तानांविषयी बोलतात, तसे लोक आजची लय कशी जमली याची चर्चा करीत घरी परततात. हा 'फायास' उत्सवाचा भाग असून २०१६ मध्ये युनेस्कोने या उत्सवाला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले.

आवाजाला गोंगाट न मानता उत्सव मानणारा हा समाज आहे. आरागोन प्रांतातील कालांदा या गावी ईस्टरपूर्वीच्या शुक्रवारी मध्यान्हीच्या ठोक्याला शेकडो ढोल एकाच क्षणी वाजू लागतात. विख्यात चित्रपट-दिग्दर्शक लुइस बुन्युएल यांचा जन्म १९०० मध्ये याच गावी झाला. बालपणी कानांत बसलेला तो ढोलांचा नाद त्यांनी आपल्या अनेक चित्रपटांत वापरला. अशा ढोलवादनाच्या परंपरांना २०१८ मध्ये, तर हाताने घंटा वाजविण्याच्या कलेला २०२२ मध्ये युनेस्कोची मान्यता मिळाली.

रोजच्या जगण्यातील कलकलाट

उत्सव वर्षातून एकदा येतो. स्पेनचा खरा आवाज ऐकायचा तर सकाळी कोपऱ्यावरच्या 'बार'मध्ये शिरावे. आपल्याकडे या शब्दाने जे चित्र डोळ्यांसमोर येते, तसे ते स्थान नव्हे. तेथे आजोबा कॉफी घेतात, कामगार न्याहारी करतात, आया मुलांना घेऊन बसतात. कॉफीयंत्राची फुसफुस, संगमरवरी फळीवर आपटणाऱ्या बशा, कोणीही पाहत नसलेला दूरदर्शनसंच आणि या सर्वांच्या वरताण चाललेले संभाषण! फरशी, काच आणि टाइल्सच्या भिंती आवाज शोषून घेत नाहीत, उलट परतवून लावतात. मग प्रत्येकाला शेजाऱ्यापेक्षा थोडे मोठ्याने बोलावे लागते आणि शेजाऱ्याला त्याहून मोठ्याने.

समोरच्याचे वाक्य पुरे होण्याआधी आपले सुरू करणे हा तेथे नेहमीच उद्धटपणा ठरत नाही. ते आस्थेचे लक्षणही असते. गप्प बसून ऐकणारा पाहुणा पाहिला, की यजमानाला वाटते याला कंटाळा आला असावा. जेवण आटोपल्यावर तासन् तास टेबलाभोवती रंगणाऱ्या गप्पांना स्पॅनिशमध्ये 'सोब्रेमेसा' असा स्वतंत्र शब्दच आहे. आपल्या मराठीत जसे गलका, गलबला, कलकलाट, कोलाहल असे छटांचे भेद आहेत, तसे तेथेही आहेत. त्यांतील 'आल्गाराबीआ' हा शब्द मूळचा 'अरबी भाषा' या अर्थाचा. न कळणारी परकी बोली ती गलबला, अशी त्याची वाटचाल झाली. शतकानुशतकांचा सहवास आणि दुरावा, दोन्ही त्या एका शब्दात साठलेले आहेत.

हवामान आणि घड्याळ यांचाही यात वाटा आहे. १९४० मध्ये स्पेनने आपले घड्याळ एक तास पुढे करून मध्य युरोपाशी जुळविले, ते तसेच राहिले. त्यामुळे जूनअखेरीस माद्रिदमध्ये सूर्य मावळतो तोच रात्री पावणेदहाच्या सुमारास. दुपारच्या उन्हात बंद असलेली दारे-खिडक्या तेव्हा उघडतात, जेवणे नऊ-दहाला होतात आणि सारे शहर रस्त्यावर येते. २०११ च्या जानेवारीपासून बारमध्ये धूम्रपानाला बंदी आली. आरोग्याच्या दृष्टीने ते उत्तमच झाले. परंतु आतली मंडळी बाहेरच्या पदपथावर आली आणि त्यांचे बोलणे थेट वरच्या मजल्यावरच्या शयनगृहांत पोहोचू लागले.

खिडकीआडची बाजू

येथेच प्रश्नाची दुसरी बाजू सुरू होते. ज्या व्हॅलेन्सियात दुपारच्या स्फोटांना टाळ्या पडतात, त्याच शहरातील एका महिलेची कथा युरोपच्या न्यायेतिहासात नोंदली गेली आहे. १९७० पासून त्या एका निवासी वस्तीत राहत होत्या. १९७४ पासून पालिकेने त्या भागात बार आणि नृत्यगृहांना परवाने देण्यास आरंभ केला. रात्रीची झोप उडाली. तक्रारी वाढल्या, तेव्हा १९९६ च्या डिसेंबरात पालिकेने स्वतःच तो भाग 'ध्वनिसंपृक्त' म्हणून घोषित केला. म्हणजे तेथे गोंगाट करणाऱ्या नव्या व्यवसायाला वाव नाही. आणि अवघ्या महिन्याभरात, १९९७ च्या जानेवारीत, त्याच पालिकेने त्यांच्याच इमारतीत नृत्यगृह उघडण्यास परवाना दिला!

देशातील न्यायालयांत त्यांना न्याय मिळाला नाही; २००१ मध्ये संविधानिक न्यायालयानेही त्यांची याचिका फेटाळली. त्या स्ट्रासबूरच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेल्या. १६ नोव्हेंबर २००४ रोजी न्यायालयाने एकमताने निर्णय दिला, की घर आणि खासगी जीवन यांच्याविषयीच्या त्यांच्या हक्काचा भंग झाला आहे. घरात परका माणूस शिरला तरच घराचे पावित्र्य भंगते असे नाही. आवाज शिरला तरीही ते भंगते, असा या निर्णयाचा आशय होता. नियम करून ते न पाळणे म्हणजे हक्काचे रक्षण नव्हे, हेही न्यायालयाने बजावले. २०१८ मध्ये त्याच वस्तीतील आणखी एका रहिवाशाच्या बाजूने तसाच निकाल लागला.

दरम्यान २००३ मध्ये स्पेनने ध्वनिविषयक राष्ट्रीय कायदा केला. २०१४ पासून तेथील वेगवान रेल्वेत शांततेचा स्वतंत्र डबा जोडला जाऊ लागला. २०२४ च्या सप्टेंबरात माद्रिदच्या बेर्नाबेउ क्रीडागारातील संगीताचे जलसे शेजारच्या रहिवाशांच्या तक्रारींपुढे थांबवावे लागले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपासाठी शिफारस केली, की रात्री रस्त्यावरील वाहतुकीचा आवाज सरासरी ४५ डेसिबलच्या खाली असावा. कारण कान मिटता येत नाहीत. माणूस झोपतो, तेव्हाही शरीर ऐकत असते, हृदयाचे ठोके वाढत असतात.

मौनाची शपथ

स्पॅनिश माणूस एवढ्या मोठ्याने का बोलतो, या प्रश्नावर कवी लेओन फेलिपे यांनी देशत्यागानंतर मेक्सिकोत लिहिताना एक मार्मिक उत्तर दिले होते. त्यांच्या मते हा घसा तीन वेळा ओरडल्यामुळे कायमचा चढला. एकदा समुद्रात नवी भूमी दिसली तेव्हा. दुसऱ्यांदा डॉन किहोटेच्या मुखाने न्याय मागताना. आणि तिसऱ्यांदा १९३६ मध्ये माद्रिदच्या टेकडीवरून 'लांडगा आला' असा इशारा जगाला देताना. जगाने तो इशारा ऐकला नाही, ही त्यामागची वेदना.

हे कवी सामोरा प्रांतातले. त्याच सामोरा शहरात ईस्टरपूर्वीच्या बुधवारी संध्याकाळी एक विलक्षण दृश्य दिसते. कॅथेड्रलसमोर हजारो लोक जमतात. मिरवणुकीत सामील झालेले सारे गुडघे टेकून मौनाची शपथ घेतात आणि नगरप्रमुख संपूर्ण शहराच्या वतीने ते मौन अर्पण करतात. त्यानंतर मिरवणूक अरुंद गल्ल्यांतून मौन राखत पुढे जाते.

एरवी बारमध्ये एकमेकांची वाक्ये तोडणारी हीच माणसे. म्हणजे शांत राहणे त्यांना जमत नाही असे नाही. ते केव्हा राखायचे याचा निर्णय सर्वांनी मिळून घ्यावा लागतो, एवढेच. व्हॅलेन्सियाच्या चौकातला स्फोट लोकांना सुखावतो, कारण त्याची वेळ ठरलेली असते, तो थोडक्यात संपतो आणि ऐकणारा आपल्या इच्छेने तेथे आलेला असतो. त्या महिलेच्या शयनगृहातील आवाजाला यांपैकी एकही गोष्ट लागू नव्हती. आवाजाची उंची यंत्राने मोजता येते. पण ऐकणाऱ्याची संमती होती की नव्हती, हे शेजाऱ्याला विचारल्याखेरीज कळत नाही.