जमिनीखालचे बांधकाम

घर बांधताना लोक दारेखिडक्यांकडे बारकाईने पाहतात. संडासाचे भांडे पांढरेशुभ्र आहे ना, हेही पाहतात. जमिनीखाली काय बांधले जात आहे, तिकडे मात्र सहसा कोणी वाकून पाहत नाही. वस्तुतः संडासाचा बरेवाईटपणा त्या न दिसणाऱ्या भागावरच ठरतो.

जेथे गटारांची सोय नाही, अशा गावी दोन शोषखड्ड्यांचा संडास उपयोगी पडतो. त्याचे भांडे चांगले उतरते असते. त्यामुळे तांब्या-दोन तांबे पाण्याने मैला वाहून जातो. भांड्याखालच्या वाकड्या नळीत सुमारे २ सेंटिमीटर पाणी नेहमी साठून राहते. एवढेसे पाणी दुर्गंधीला वर येऊ देत नाही व माश्यांची वाट अडवते. नळी तिरकी बसली, तर ते टिकत नाही. म्हणून जाणता गवंडी पाणसळ लावून पाहिल्याशिवाय ती पक्की करीत नाही.

पुढे एका लहान कुंडीतून दोन खड्ड्यांकडे दोन वाटा फुटतात. त्यांपैकी एक विटेने बंद ठेवतात. खड्ड्याच्या भिंतींत विटांमध्ये फटी असतात व तळ कच्चा असतो, म्हणून पाणी आणि वायू मातीत जिरतात. मीटर-सव्वामीटर खोली पुरते. आपला खड्डा पुरुषभर खोल आहे, असे काही जण अभिमानाने सांगतात. पण खड्डा जितका खोल, तितके भूजल जवळ! विहीर तर निदान १५ मीटर दूर हवी.

पाचसहा माणसांच्या घरात एक खड्डा सुमारे तीन ते पाच वर्षांत भरतो. मग त्याची वाट बंद करून दुसरी उघडतात. कित्येक घरी दोन्ही वाटा प्रारंभापासून उघड्याच राहतात. मग दोन्ही खड्डे एकदम भरतात आणि ताजा मैला उपसण्यासाठी कोणा माणसाला बोलवावे लागते. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हे काम केले, त्यांनाच समाजाने दूर लोटले. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम आपणास मिळावे, म्हणून अप्पासाहेब पटवर्धनांनी उपोषण केले, ते याच अन्यायाविरुद्ध होते. हाताने मैला उपसावयास लावणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरले आहे.

बंद केलेला खड्डा दोन वर्षे तसाच झाकून ठेवला, की आतील मैल्याची काळसर, कोरडी, वास नसलेली माती होते. मग घरधनी स्वतःच झाकण काढून ती फावड्याने उपसतो आणि परसातील केळींच्या बुंध्याशी घालतो.