बारा बोअरपलीकडची काडतुसे : आकर्षण, अडचणी आणि पीक-संरक्षण

दुर्ग जिल्ह्यातील नंदिनी नगर ही वसाहत भिलाई पोलाद कारखान्याला चुनखडी पुरविणाऱ्या खाणींच्या आधाराने वाढली. वसाहतीच्या भोवती धानाची शेती आहे, तर धमधा परिसर टोमॅटो आणि अन्य भाजीपाल्यासाठी ओळखला जातो. काम थांबलेल्या खाणक्षेत्रात अलीकडच्या वर्षांत सुमारे ८८५ एकरांवर मानवनिर्मित वन उभारण्याचा उपक्रम राज्य शासनाने हाती घेतला. शेत, वस्ती आणि झाडोरा असे एकमेकांस लागून असले की पीक-संरक्षणाचा प्रश्न निघतो आणि छत्तीसगड असो वा विदर्भ, ती चर्चा पुष्कळदा बंदुकीपाशी येऊन थांबते.

बंदूक म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर १२ बोअरची दुनळी येते. परंतु जुन्या मालगुजारी वा पाटीलकीच्या घरांतून वारसाहक्काने आलेल्या बंदुका नेहमी १२ बोअरच्याच असतात असे नाही. काही १६ बोअरच्या, काही २० बोअरच्या, तर काही .४१० मापाच्या असतात. अशी हलकी, देखणी बंदूक वापरात आणावी काय, हा प्रश्न विस्तार कार्यकर्त्यांपुढे येतो. त्याचे उत्तर काडतुसाच्या मापात दडलेले आहे.

बोअर म्हणजे काय?

बोअर हा आकडा वजनावरून ठरतो. एक पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम शिशाचे १२ समान गोळे केले, तर त्यांपैकी एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती १२ बोअरची नळी. म्हणूनच आकडा वाढला की नळी अरुंद होते. १२ बोअरच्या नळीचा आतील व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर, १६ बोअरचा १६.८, २० बोअरचा १५.६ आणि २८ बोअरचा १४ मिलिमीटर असतो. .४१० हे माप मात्र या पद्धतीतले नाही. तो थेट इंचांत सांगितलेला व्यास असून मिलिमीटरमध्ये तो सुमारे १०.४ भरतो.

लहान बोअरचे आकर्षण

बंदुकीचे वजन छर्‍यांच्या भाराच्या सुमारे ९६ पट असावे, असा इंग्रज बंदूक-कारागिरांचा जुना ठोकताळा आहे. १२ बोअरच्या काडतुसात साधारण ३२ ग्रॅम छर्रे धरले, तर बंदूक तीन किलोंच्या आसपास जाते. २० बोअरच्या २५ ग्रॅम भाराला सुमारे २.४ किलोंची बंदूक पुरते. रात्रभर मचाणावर वा बांधावर जागणाऱ्या माणसाला हा सहाशे ग्रॅमचा फरक चांगलाच जाणवतो. भार कमी असल्याने खांद्याला बसणारा धक्काही सौम्य राहतो. १६ बोअरविषयी जाणकारांना विशेष ममत्व वाटते, कारण २८ ग्रॅमचा, म्हणजे एक औंसाचा भार तिच्या नळीत समतोल बसतो. युरोप खंडात हे माप दीर्घकाळ लोकप्रिय होते. पक्ष्यांच्या शिकारीच्या काळात हे सारे गुण खरे ठरले. तथापि पीक-संरक्षणाची गरज निराळी आहे.

पहिली अडचण : काडतूस मिळणे

पुण्याजवळील खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये स्थापन झाला. तेथील ‘शक्तिमान’ नावाची १२ बोअरची काडतुसे देशभरातील परवानाधारक विक्रेत्यांकडे परिचित आहेत. अन्य बोअरच्या काडतुसांचे तसे नाही. पूर्वी विलायती काडतुसे येत, तेव्हा १६ व २० बोअर बाळगणे सोयीचे होते. आयातीवर निर्बंध आल्यानंतर ही मापे दुकानातून जवळजवळ दिसेनाशी झाली. पाश्चात्त्य देशांतील हौशी नेमबाज रिकामी काडतुसे घरी पुन्हा भरून ही उणीव काढतात. आपल्याकडे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ चा भंग ठरतो, म्हणून तोही मार्ग बंद आहे. पेटीत वर्षानुवर्षे पडलेली, दमट हवेत फुगलेली काडतुसे वापरणे तर सरळ धोक्याचे. बार उशिरा उडणे किंवा मुळीच न उडणे या दोन्ही गोष्टी जिवावर बेतू शकतात.

दुसरी अडचण : छर्‍यांचे गणित

मोठ्या प्राण्यासाठी मोठा छर्रा लागतो. इंग्रजी मापातील ‘एसजी’ छर्रा सुमारे ८.४ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि एका औंसात असे ८ छर्रे बसतात. या हिशेबाने १२ बोअरच्या काडतुसात ९, १६ बोअरमध्ये ८, २० बोअरमध्ये ७, तर १४ ग्रॅम भाराच्या .४१० मध्ये अवघे ४ छर्रे येतात. शिवाय अरुंद नळीत ते नीट थरांत बसत नाहीत. .४१० मध्ये तर एकावर एक अशी उतरंडच होते. छर्रे कमी म्हणजे प्राण्याच्या मर्मस्थानी लागण्याची शक्यता कमी आणि तो जखमी होऊन निसटण्याची शक्यता अधिक. जखमी रानडुक्कर दुसऱ्या दिवशी कापणीला आलेल्या मजुरांवर धावून जाऊ शकते. धक्का कमी बसतो, हा लाभ या जोखमीपुढे फार लहान ठरतो.

सर्वांत गंभीर धोका : दोन मापांची सरमिसळ

एकाच घरात १२ आणि २० बोअर अशा दोन बंदुका असतील तर विशेष सावधगिरी हवी. २० बोअरचे काडतूस चुकून १२ बोअरच्या बंदुकीत घातले, तर ते मागे अडकून न राहता पुढे सरकते आणि चेंबरच्या पुढे, नळी अरुंद होते तेथे जाऊन बसते. मागून पाहणाऱ्याला चेंबर रिकामे दिसते. बार उडाला नाही असे समजून तो १२ बोअरचे काडतूस भरतो आणि चाप ओढतो. त्या क्षणी नळी फुटते, आणि ती नेमकी आधाराचा हात असतो तेथे फुटते. हा अपघात टाळण्यासाठीच अमेरिकी उत्पादकांनी २० बोअरच्या काडतुसांना पिवळा रंग ठरवून दिला. जुन्या काडतुसांच्या रंगावर मात्र विसंबता येत नाही. बुडाशी कोरलेला आकडा वाचणे हीच खरी खूण.

काडतुसाच्या लांबीचेही असेच आहे. जुन्या बंदुकांची चेंबरे बहुधा ६५ मिलिमीटरची, तर आधुनिक काडतुसे ७० किंवा ७६ मिलिमीटरची असतात. ही लांबी उडालेल्या काडतुसाची सांगितली जाते. म्हणून न उडालेले लांब काडतूस आखूड चेंबरात सहज बसते. मात्र बार होताना त्याचे तोंड पुरते उघडत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. काळ्या दारूसाठी बनविलेल्या पीळदार पट्ट्यांच्या जुन्या नळ्यांत धूरविरहित दारूचे काडतूस वापरणे तर टाळलेच पाहिजे.

नाव एक, काडतुसे दोन

भारतापुरता आणखी एक घोटाळा संभवतो. ब्रिटिश काळात ईशापूर येथे .३०३ रायफलींचे रूपांतर गुळगुळीत नळीच्या .४१० मस्केटमध्ये केले गेले. पोलीस व तुरुंगरक्षकांसाठी केलेल्या या हत्याराचे काडतूस .३०३ च्या पुंगळीवरून घडविले होते. बाजारातील .४१० शिकारी काडतूस त्याहून वेगळे आहे. केवळ आकडा जुळतो म्हणून एकाच्या जागी दुसरे वापरता येत नाही.

कायद्याच्या दोन पायऱ्या

बंदुकीचा परवाना म्हणजे प्राणी मारण्याची मुभा नव्हे. शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीक-संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. छत्तीसगडात हिलाच ‘भरमार’ म्हणतात. ती पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाली, तर किमान २० इंच नळीची गुळगुळीत बोअरची दुसरी बंदूक मंजूर करता येते. काडतुसे परवान्यावरील शस्त्राचीच आणि नमूद मर्यादेतच घ्यावी लागतात.

दुसरी पायरी वन्यजीव कायद्याची. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर व रोही अनुसूची दोनमध्ये आहेत. उभ्या पिकांना धोका असल्यास मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी कलम ११ अन्वये लेखी परवानगी देऊ शकतो. ती नसताना केलेली शिकार गुन्हाच ठरते, मग बंदूक कितीही कायदेशीर असो. निवडणूक काळात परवान्यावरील शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेशही निघतात. २०२३ मध्ये दुर्ग भागात १७ नोव्हेंबरला मतदान झाले. तोच धान कापणीचा हंगाम. ऐन गरजेच्या वेळी बंदूक हाताशी असेलच असे नाही.

छर्रा किती दूर जातो?

छर्‍याचा व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्यास ८० ने गुणले, की त्याची कमाल धाव अंदाजे मीटरमध्ये मिळते. ६ नंबरचा २.६ मिलिमीटरचा छर्रा सुमारे २०० मीटर, तर एसजी छर्रा सुमारे ६७० मीटर जाऊ शकतो. परिणामकारक पल्ला मात्र ३५ ते ४० मीटरच्या पलीकडे नाही. बोअर लहान केल्याने हे अंतर घटत नाही, कारण ते छर्‍याच्या व्यासावर अवलंबून असते. नंदिनी नगरसारख्या ठिकाणी, जेथे शेताला लागूनच वसाहत आणि रस्ता आहे, तेथे हा आकडा प्रत्येक परवानाधारकाने ध्यानी ठेवावा. शिशाचे छर्रे जमिनीत उरतात आणि खडे समजून पक्षी ते टिपतात, हाही दोष आहे. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ क्षेत्रांत शिशाच्या छर्‍यांना मनाई केली आहे. पर्यायी पोलादी छर्रे जुन्या नळ्यांना मानवत नाहीत.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी सूचना

१. वारसाने आलेल्या बंदुकीचा परवाना प्रथम रीतसर आपल्या नावे करून घेण्यास सांगावे. तोवर ती वापरू नये.
२. बोअर व चेंबरची लांबी परवानाधारक शस्त्रदुरुस्तकाकडून मोजून घ्यावी. नळीवरील खुणांचा अर्थ अंदाजाने लावू नये.
३. दोन बोअरची काडतुसे एका पेटीत वा एका खिशात कधीही ठेवू नयेत.
४. बार न उडाल्यास बंदूक सुरक्षित दिशेस रोखून थोडा वेळ थांबावे, मग उघडून नळीतून आरपार पाहावे. उजेड दिसल्याशिवाय दुसरे काडतूस भरू नये.
५. काडतूस मिळत नसेल तर जुनी बंदूक ठेव म्हणून जपावी. गावठी पद्धतीने भरलेले काडतूस वापरू नये.
६. बंदुकीला पर्याय म्हणून कुंपणात थेट वीज सोडणे किंवा स्फोटक आमिष ठेवणे हे दोन्ही प्रकार बेकायदेशीर आणि प्राणघातक आहेत. क्षणिक झटका देणारे सौर कुंपण, सामूहिक राखण आणि नुकसानीचा वेळेवर पंचनामा यांवर भर द्यावा.

लहान बोअरच्या बंदुकीची कारागिरी कौतुकास्पद खरी. पण पिकाच्या राखणीत तिचा हलकेपणा फारसा कामी येत नाही; काडतुसाची उपलब्धता, छर्‍यांची संख्या आणि मापाची खात्री या तीन कसोट्यांवर १२ बोअरच सरस ठरते. आणि तिचाही क्रम कुंपण, राखण व वन विभागाची लेखी परवानगी यांच्यानंतरच लागतो.